सहीचा फोन

"अरे, सहीचा फोन कुठाय?"

लॅब उघडली की पहिली आरोळी ही. मग शोधाशोध. फोन कधी कापसाच्या खोक्यामागे सापडायचा, कधी रक्ताच्या नळ्या ठेवतात त्या फ्रिजवर, एकदा तर हात धुवायच्या बेसिनवर साबणाशेजारी. फोन होता लॅबच्या डॉक्टरीणबाईंचा, खास सह्यांसाठी वेगळा घेतलेला, पण वापरायचे सगळे. त्याच्या पाठीला चिकटपट्टी लावून तिच्यावर पिन लिहून ठेवला होता, म्हणजे नवीन माणसाचा खोळंबा नको! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं आपण म्हणतो. इथे किल्ल्यांबरोबर जामदारखान्याचा पत्ताही दिलेला होता.

हसताय? हसू नका. तुमचा पिन घरात आणि ऑफिसात किती जणांना तोंडपाठ आहे ते आधी आठवा, मग खुशाल हसा.

ही सही म्हणजे शाईची नव्हे, मोबाइलवरची डिजिटल सही. ती अशी कुणालाही मिळत नाही. कॅमेऱ्यासमोर बसून चेहरा दाखवायचा, ओळखपत्र दाखवायचं, आपलं नाव मोठ्याने सांगायचं, मग प्रमाणपत्र मिळतं. त्याबरोबर फोनात एक गुप्त किल्ली तयार होते आणि ती त्या फोनातून कधी बाहेर जात नाही. पिन टाकला किंवा अंगठा टेकवला की रिपोर्टवर सही उमटते. रोग्याने तो रिपोर्ट उघडला की खाली डॉक्टरचं नाव आणि शेजारी हिरवी खूण: सही वैध आहे. मागाहून कुणी रिपोर्टमधला काना-मात्रा जरी बदलला, तरी ती हिरवी खूण जाते. इतकं हुशार यंत्र! फक्त पिन कुणाच्या बोटांनी दाबला, एवढं त्याला कळत नाही. तेवढ्या बाबतीत त्याने बिचाऱ्याने आपल्यावर विश्वास टाकलेला असतो.

डॉक्टरीणबाई वाईट नव्हत्या हो. आई लहानपणीच गेलेली, मावशीने वाढवलं, शिकवलं. अभ्यासात हुशार, हाताला स्वच्छ, रोग्याशी गोड बोलणाऱ्या. पण लॅब वाढली. मालकाने एकीच्या चार शाखा केल्या, आणि चारही शाखांच्या रिपोर्टांवर सही एकट्या बाईंची. सुरुवातीला त्या प्रत्येक रिपोर्ट वाचायच्या. मग चाळायला लागल्या. मग एक दिवस त्यांच्या हाताखालचा तंत्रज्ञ म्हणाला, "मॅडम, नॉर्मल रिपोर्टांसाठी तुम्ही कशाला तिष्ठत बसता? माझाही अंगठा टाकून ठेवू का फोनात?"

या तंत्रज्ञाला लॅबमध्ये सगळे चटपट म्हणायचे. चाळिशीचा माणूस, हात विजेसारखा. बाईंना त्या दिवशी डोकेदुखी होती. त्या म्हणाल्या, "टाक बाबा."

झालं! एवढ्या शिकल्यासवरल्या डॉक्टरीणबाई अंगठेबहाद्दर झाल्या. आणि अंगठा तरी स्वतःचा होता का? तोही दुसऱ्याचा.

एकदा दुपारी मावशी लॅबमध्ये आली. भाचीबरोबर जेवावं, गप्पा माराव्यात, एवढाच बेत. मावशी आयुष्यभर नोटरी. लोक कागद घेऊन यायचे, मावशी स्वतःसमोर त्यांना सही करायला लावायची आणि खाली शिक्का उमटवून लिहायची, 'माझ्या समक्ष सही केली.' समक्ष म्हणजे डोळ्यांदेखत. माणूस आला नसेल तर कागद परत, मग तो आणणारा कितीही बडा असो. कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर मावशी शिक्का पिशवीत टाकून त्याच्या घरी जायची, जिने चढायची, पण 'असू दे, ओळखीचे आहेत' म्हणून कधी शिक्का उचलला नाही. अशा बाईला लोक काय म्हणणार? आडमुठी म्हणायचे.

तर मावशी आत शिरली तेव्हा चटपट एका हाताने बिस्किट चहात बुडवत होता आणि दुसऱ्या हाताने सहीच्या फोनवर टपाटप अंगठा टेकवत होता.

"बसा आजी. मॅडम आत आहेत. मी जरा सह्या मारतोय."

"काय मारतोयस?"

"सह्या."

"माशा मारतात," मावशी म्हणाली. "डास मारतात. फार तर गप्पा मारतात. सही करतात रे बाबा! आणि हा फोन कुणाचा?"

"मॅडमचा."

"आणि अंगठा?"

चटपट हसला. विनोद झाला असं त्याला वाटलं. मावशी तडक आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

"ठमे, हे काय चाललंय बाहेर?"

ठमी हे डॉक्टरीणबाईंचं घरचं नाव. त्या नावाने हाक मारणारी जगात एकच व्यक्ती उरली होती.

"अगं मावशी, नॉर्मल रिपोर्ट आहेत ते. आकडे यंत्र देतं. मी त्यात वेगळं काय बघणार?"

"मग यंत्राचीच सही घ्या की. तुझी कशाला लागते?"

शिकलेल्या माणसाला उत्तर सुचलं नाही की तो विषय बदलतो. "तू उगाच घाबरतेस. ही सही कुणाला खोटी करताच येत नाही. तुमच्या शाईच्या सहीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे ही."

"तीच तर भीती आहे!" मावशीने कपाळावर हात मारला. "शाईची खोटी सही निदान पकडता यायची. वळण चुकायचं, पेन अडखळायचं. मी पकडल्यात तसल्या. ही कशी पकडणार? त्या बिस्किटवाल्याने केली तरी ती खरीच ठरणार. उद्या काही उलटंसुलटं झालं तर 'ही मी केली नाही' असं म्हणायची तरी सोय आहे का तुला?"

"काही होत नाही गं. सगळीकडे असंच चालतं."

"सही म्हणजे काय, सांग बघू."

"मावशी, भूक लागलीये मला."

"सही म्हणजे, मी हे पाहिलं, मला हे पटलं, आणि उद्या कुणी जाब विचारला तर द्यायला मी आहे. बस. एवढंच असतं तिच्यात. तेवढंही नसेल तर ती नुसती नक्षी. रोगी तुझं नाव वाचून रात्री निवांत झोपतो ठमे, त्या बिस्किटवाल्याचं वाचून नाही."

"झालं तुझं कोर्ट? चल आता, उपाहारगृह बंद होईल."

दोघी जेवायला गेल्या. निघताना तिने भाचीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "निदान ती चिकटपट्टी तरी काढ." बाईंनी हो म्हटलं. चिकटपट्टी तिथेच राहिली.

मग मधे बरेच दिवस गेले. मावशीला थकवा यायला लागला. जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. कुठे आपटलं-धोपटलं नसताना दंडावर, मांडीवर निळे डाग उठायचे. वय झालं, असं ती स्वतःशी म्हणायची. शेवटी घराजवळ लॅबची जी शाखा होती तिथे जाऊन रक्त देऊन आली. भाचीला आधी सांगितलं नाही. ती आपली कामात असते, तिला कशाला घोर, हा विचार.

संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. 'काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पेशी सामान्य.' खाली भाचीचं नाव. शेजारी हिरवी खूण.

मावशीने भाचीला फोन लावला. त्या वेळी डॉक्टरीणबाई एका दुकानात पडद्यांचं कापड बघत होत्या. फोन खांद्याला आणि कानाला अडकवून एकेक ठाण उलगडून घेत होत्या.

"ठमे, रक्त दिलं होतं गं मी. अंगावर असे निळे डाग येतायत ना, म्हणून. रिपोर्ट आला, खाली तुझी सही! छाती फुगली बघ माझी. शेजारणीला दाखवून आले. तू पाहिलास ना नीट?"

आता बघा. खरं बोलायला एवढासा क्षण पुरला असता. 'नाही गं मावशी, मी नाही पाहिला, उद्या पाहते.' बस्स! पण तसं म्हटलं तर त्या दुपारचं भांडण मावशी जिंकली असं झालं असतं. आणि शिकलेल्या माणसाला जीव गेला तरी चालतो, पण हरायचं नसतं. त्यातून जीव दुसऱ्याचा असेल तर बघायलाच नको.

"हो, पाहिला ना," बाई म्हणाल्या. "सगळं ठीक आहे. लोहाच्या गोळ्या घे. अहो, तो फिकट रंग दाखवा जरा."

आपोआप उठणारे निळे डाग! शिकाऊ डॉक्टरनेही कान टवकारले असते. बाईंच्या कानावरून ते शब्द गेले आणि त्यांनी फिकट रंग पसंत केला.

शेजारीण मावशीला म्हणत होती, मोठ्या रुग्णालयात एकदा दाखवून या. मावशीने तिलाच दटावलं. "माझ्या भाचीने स्वतः पाहिलंय. तिच्यापेक्षा मोठं कोण बघणार?" आणि ती लोहाच्या गोळ्या घेत राहिली.

मावशी न्हाणीघरात पडली तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं. शेजारणीने तिला रुग्णालयात नेलं, मग भाचीला कळवलं. रक्ताच्या आजारांचे डॉक्टर शांतपणे बोलणारे होते. ते बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "रक्ताचा कर्करोग आहे. लवकर सापडला असता तर फार वेगळं चित्र असतं. आधी रक्त तपासलं नव्हतं का?"

"तपासलं होतं."

"पट्टी कुणी पाहिली?"

डॉक्टरीणबाईंनी लॅबचं नाव सांगितलं. स्वतःचं सांगितलं नाही.

तिथून त्या थेट लॅबवर गेल्या. चारही शाखांच्या, रक्ताचा थेंब पसरलेल्या काचपट्ट्या तिथल्या मागच्या खोलीत लाकडी खणांत ओळीने लावलेल्या असतात. मावशीची पट्टी सापडायला वेळ लागला नाही. आता एक गोष्ट सांगायला हवी. रक्ताच्या पेशी बारकाईने बघायच्या तर पट्टीवर तेलाचा थेंब टाकावा लागतो. नंतर पुसलं तरी त्याची थोडी चकाकी राहते. मावशीची पट्टी कोरडी ठणठणीत होती. रंग दिलेला होता, नाव लिहिलेलं होतं, आणि तिच्याकडे एकाही माणसाने पाहिलेलं नव्हतं.

बाईंनी तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला. शोधावं लागलं नाही. जिकडेतिकडे त्याच मोठ्या, वेड्यावाकड्या पेशी. कॉलेजात पहिल्यांदा ओळखायला शिकवतात त्याच. त्यांनी संगणकावर यंत्राची नोंद उघडली. यंत्राने बिचाऱ्याने इशाराही दिलेला होता: 'पट्टी डॉक्टरने प्रत्यक्ष पाहावी.'

"चटपट!" त्या ओरडल्या. लॅबमध्ये त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. "इशारा आला होता! मला का नाही दाखवलंस?"

चटपटने नोंद वाचली. नाव त्याच्या ओळखीचं नव्हतं, पण मॅडमचा चेहरा बघून तो समजला. तो घाबरला, आणि घाबरलेला माणूस खरं बोलून जातो.

"मॅडम, इशारे रोज ढिगाने येतात. सुरुवातीला मी विचारायचो. तुम्हीच म्हणालात, सारखा फोन करू नकोस, नॉर्मलचा साचा टाक आणि सही मार. मी मारली." मग तो म्हणाला, "आणि मॅडम, मला का ओरडता? सही माझी थोडीच आहे? तुमची आहे."

त्याचा एकही शब्द खोटा नव्हता.

आरडाओरडा ऐकून मालक बाहेर आला. सगळं कळल्यावर त्याने दुःखी चेहरा केला, बाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग हळूच विचारलं, "मॅडम, तुमच्या घरचंच माणूस आहे म्हणजे... तक्रार वगैरे काही होणार नाही ना?"

माणसं कशी असतात बघा! पण मालकाला काय बोलायचं? तोही तिथे बसून बाईंच्याच सहीवर चार दुकानं चालवत होता, आणि ती त्याला बाईंनीच दिली होती.

रुग्णालयात मावशी उशीला टेकून बसली होती. चेहरा कागदासारखा पांढरा. भाची आत आली, खुर्चीत बसली आणि मावशीच्या पांघरुणाचं टोक उगाच नीट करायला लागली.

"ठमे, एकच विचारते. समक्ष पाहिला होतास?"

आयुष्यभर त्या एका शब्दावर जगलेली बाई तोच शब्द विचारत होती. टाळायला जागाच नव्हती.

"नाही."

"फोनवर हो म्हणालीस."

"हो."

"म्हणजे अंगठा त्या बिस्किटवाल्याचा. आणि खोटं तेवढं तुझं स्वतःचं."

बाई रडायला लागल्या. मावशीने त्यांना जवळ घेतलं नाही. ती खिडकीकडे बघत बोलली, आणि तिच्या आवाजात रागापेक्षा थकवाच जास्त होता.

"मी जाणार होते गं दुसरीकडे. शेजारीण मागे लागली होती. मीच तिला गप्प केलं, तुझं नाव सांगून."

"मावशी, मला माफ कर."

"रडून माझ्या पेशी सुधारणार आहेत का? डोळे पूस. अशा न पाहिलेल्या पट्ट्या अजून किती आहेत तुझ्या लॅबमध्ये?"

"मोजल्याच नाहीत कधी."

"मग इथे काय करतेयस? जा, त्या बघ."

"तुला अशी सोडून?"

"मी तुझ्या समक्ष आहे. ते लोक नाहीत. त्यांच्या रिपोर्टांखाली तुझं नाव आहे आणि ते निवांत झोपलेत. जा!"

तेवढ्यात परिचारिका आली. उपचार सुरू करायचे तर रोग्याची संमती लागते, आणि तीही आता मोबाइलवर. मावशीच्या फोनवर लांबलचक मजकूर आला. नोटरी असताना घेतलेली मावशीची डिजिटल सही त्याच फोनात होती.

"आजी, एकदम खाली जा आणि फक्त पिन टाका. सगळे तसंच करतात."

"सगळे तसंच करतात ना?" मावशी म्हणाली. "म्हणून तर मी इथे आहे, बाळ. ठमे, वाच."

भाचीने वाचायला घेतलं. औषधांची नावं, त्यांचे त्रास, केस जाणं, जंतुसंसर्ग, रक्तस्राव. परिचारिका घड्याळाकडे बघत होती. एका ओळीपाशी भाचीचा आवाज अडकला. "पुढे," मावशी म्हणाली. "रुग्णाचं वय आणि आजाराची अवस्था पाहता उपचारांना यश न येण्याची शक्यता..." भाचीने ती ओळ शेवटपर्यंत वाचली. तिला ती वाचावीच लागली. ती अवस्था कुणामुळे आली, हे वाचणारीला आणि ऐकणारीला दोघींनाही ठाऊक होतं.

"हं. आता कळलं मला. आता करते सही," मावशी म्हणाली. तिने फोन हातात घेतला, दुसरा हात त्याच्यावर आडवा धरला. "तोंड फिरवा."

परिचारिकेला हसू आलं, पण तिने तोंड फिरवलं. भाची तशीच उभी राहिली. लहानपणापासून मावशीच्या कपाटाच्या किल्ल्या तिच्याच हाती असायच्या. तिला वाटलं, हे आपल्यासाठी नसेल.

"तूसुद्धा," मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

त्यांनी लॅबवर जाऊन सहीचा फोन ताब्यात घेतला. चिकटपट्टी ओरबाडून काढली. ज्या संस्थेने प्रमाणपत्र दिलं होतं तिला फोन लावून त्या म्हणाल्या, प्रमाणपत्र रद्द करा. पलीकडच्या मुलीने पाठ केलेल्या स्वरात विचारलं, "कारण काय? फोन हरवला?"

"नाही. किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली."

"चोरी?"

"नाही. मीच दिली."

ती मुलगी म्हणाली, "ठीक आहे मॅडम, आत्तापासून रद्द. यापुढे याने सही होणार नाही. आधी केलेल्या सह्या मात्र वैधच राहतील."

"त्या पुसता येत नाहीत का?"

"नाही मॅडम. सही पुसता आली तर मग तिला सही का म्हणायचं?"

मग बाई सूक्ष्मदर्शकासमोर बसल्या. यंत्राने इशारा दिलेली एकेक पट्टी खणातून काढून, तेलाचा थेंब टाकून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला लागल्या. सकाळी मावशीजवळ, मग पट्ट्या, पुन्हा मावशीजवळ. बहुतेक पट्ट्या खरंच ठीक होत्या. काही नव्हत्या. त्या लोकांना बाईंनी स्वतः फोन केले, आणि शब्द न फिरवता सांगितलं की तुमच्या रिपोर्टवर माझी सही आहे, पण तो मी पाहिलेला नव्हता, ताबडतोब पुन्हा तपासणी करा. कुणी शिव्या दिल्या. कुणी ढसाढसा रडलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र आशीर्वाद दिला, म्हणाले, "तुमच्यासारखे डॉक्टर राहिलेत कुठे हल्ली!" शिव्या बाईंनी ऐकून घेतल्या, पण तो आशीर्वाद ऐकून त्यांना फोन खाली ठेवावा लागला.

डॉक्टरांच्या परिषदेकडे त्यांनी स्वतःविरुद्ध तक्रार केली. परवाना काही काळासाठी गेला. मालकाने दुसऱ्या डॉक्टरची सही आणली. चटपट अजून तिथेच आहे. त्याचा अंगठा आता नव्या फोनात आहे, असं म्हणतात. खोटं असेल तर बरं.

मावशीने आजाराशी झुंज दिली, पण शरीर थकलेलं होतं. शेवटच्या दिवसांत ती भाचीशी पुन्हा पूर्वीसारखी बोलायला लागली होती, ठमे म्हणून हाक मारत होती, चिडवतही होती. माफ केलं, असं मात्र ती म्हणाली नाही. नोटरी होती ती. जे घडलं नाही त्यावर तिने कधी शिक्का उमटवला नव्हता. एकदा फक्त म्हणाली, "पट्ट्या संपल्या का गं?"

"संपल्या मावशी. सगळ्या समक्ष पाहिल्या."

"बरं," ती म्हणाली, आणि डोळे मिटून पडून राहिली. त्यानंतर काही दिवसांनी ती गेली.

वाचकहो, तुम्ही डॉक्टर नसाल. पण तुमच्या खिशातही एक फोन आहे, आणि त्या फोनात तुम्ही आहात! साहेब, हाताखालच्या माणसाला पिन सांगून तुम्ही दौऱ्यावर जाता. ताई, 'कुठे वाचत बसायचं' म्हणत तुम्ही कशाच्याही खाली अंगठा टेकवता. मुलांनो, आई-वडिलांचा फोन घेऊन 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणत त्यांच्या नावाने सह्या करता. सगळीकडे चालतं, काही होत नाही! होत नाही तोपर्यंत होत नाही, आणि होतं तेव्हा ते ज्याला भोगावं लागतं त्याला ठाऊकही नसतं की कुणी पाहिलंच नव्हतं. प्रमाणपत्र तुम्ही कोण आहात ते सांगतं. तुम्ही पाहिलंत की नाही, ते तुम्हालाच सांगावं लागतं. तेव्हा पिन कुणालाही सांगू नका, नवऱ्याला नाही, बायकोला नाही, विश्वासातल्या माणसाला तर मुळीच नाही. आणि न वाचता, न पाहता सही करू नका. माशा मारा, डास मारा, सही मात्र करा!

परवाना परत मिळाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवं प्रमाणपत्र काढलं. एका लहानशा दवाखान्यात त्या आता काम करतात. मोजकेच रिपोर्ट, प्रत्येक वाचलेला, प्रत्येक पट्टीवर तेलाची चकाकी. पिन टाकताना त्या फोनवर हात आडवा धरतात आणि समोरच्याला तोंड फिरवायला सांगतात. लोक त्यांना आडमुठी म्हणतात.

मावशीचा तो रिपोर्ट अजूनही उघडतो. 'पेशी सामान्य.' खाली बाईंचं नाव, शेजारी हिरवी खूण: सही वैध आहे. मावशीचा फोनही आता त्यांच्याकडेच असतो. त्यात तिचे फोटो आहेत, आवाज आहे, कदाचित भाचीसाठी दोन शब्दही असतील. बाई कधीकधी तो हातात घेऊन बसतात. पण तो उघडत नाही. मावशीने पिन कुणालाच सांगितलेला नव्हता.